चंचीतलं मीठ

आमच्या घरातून मीठ हद्दपार झालं ते आबांच्या ब्लड प्रेशरमुळे. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा बघितला, विश्वास न बसून पुन्हा हवा भरली आणि म्हणाले, "जेवणातलं मीठ बंद." आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी माणच्या माळावर मेंढरं राखलेली, मग फौजेत गेलेले आणि रिटायर झाल्यावर काही वर्षांनी आईसह साताऱ्याला माझ्याकडे राहायला आलेले. ते खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "ऑर्डर म्हंजे ऑर्डर." मी मनात म्हटलं, सुटलो. फौजी माणूस ऑर्डर शब्दशः पाळतो, हे मला तेव्हा माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र पुढे कळला.

आता एखाद्या शहाण्या घरात काय करतील? आबांची भाजी वेगळी काढतील आणि बाकीच्या पातेल्यात मीठ टाकून मोकळे होतील. आमच्यात ते बसत नाही. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या माणसांकडे पातेलं एकच असायचं. त्यात एकाचं पथ्य शिजलं की ते सगळ्यांचंच पथ्य. मेंढरं जाऊन जमाना झाला, घरात गॅसच्या दोन शेगड्या आल्या, पण आईचं पातेलं एकच राहिलं. "एका घरात दोन चवी कशाला?" असं म्हणून तिने मिठाची बरणी फळीवर सगळ्यात वर ठेवली. त्या दिवसापासून आमटी अळणी, वांगं अळणी, ठेचासुद्धा अळणी. मिठाशिवाय ठेचा म्हणजे नुसता मार खाल्ल्यासारखं. पाहुणे आले की पहिल्या घासाला एकमेकांकडे बघायचे आणि आम्हाला काहीतरी दुःख झालं असावं अशा समजुतीने हळू बोलायचे.

आम्ही निष्ठावान होतो, पण उंबऱ्याच्या आत. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मिसळ चापायचो. बायको शाळेत शिकवते, तिथे मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या डब्यातली लोणची तिची वाट बघत असायची. मुलगी कॉलेजातून येताना पाणीपुरीच्या गाड्याला वळसा घालून यायची, म्हणजे गाड्यापाशी थांबूनच. तिघेही तोंड पुसून घरात शिरायचो आणि अळणी आमटीला सात्त्विक वगैरे म्हणायचो. आईला मात्र बाहेर असं काही नव्हतंच. ती देवळापर्यंत जायची, आणि देवळात साखर मिळते.

त्याच सुमारास आबांनी तंबाखू सोडली. जन्मभराची तंबाखू! कमरेची कापडी चंची तेवढी राहिली. विचारलं तर म्हणायचे, "सुपारी हाय. तोंडाला चाळा." गाल हलत असायचा, पण पिचकारी नाही, वास नाही. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो, की मनावर घेतलं की फौजी माणूस काय करू शकतो बघा.

प्रेशर मात्र खाली यायचं नाव घेईना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. आबांच्या पायांवर सूज दिसायला लागली. एकदा डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, "आजी, भाजीत चिमूटभर टाकता ना? खरं सांगा." आईने मांडीवरची पिशवी सावरली. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, आमच्या आईचं अळणीसुद्धा खारट ठरलं. मीही घरी येऊन तिला सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ताकातलं मीठही बंद केलं. तिला स्वतःलाही प्रेशरची एक बारीकशी गोळी होती, रोज सकाळी लघवी करवणारी. पण तिचं प्रेशर कधी चर्चेचा विषय नव्हतं, कारण ते गप गुमान खाली होतं.

मग मुलीला व्यायामशाळेचं वेड लागलं. एका दुपारी ती चकचकीत पाकीट घेऊन आली. आत मांसाच्या वाळवलेल्या, धुरावलेल्या काड्या. वर लिहिलेलं, प्रोटीन भरपूर, चरबी नगण्य, चरायला उत्तम. मला ते पटलं. इंग्रजीत छापलेलं मला सहसा पटतं. तिने आबांनाही एक काडी दिली. आबांनी ती बराच वेळ चघळली आणि तोंड वाकडं केलं.

"गूळ घातलाय व्हय गं ह्यात? मटणाला गूळ?"

"आबा, तो फ्लेवर असतो."

"कसला फ्लेवर! थांब, खरं कसं असतंय ते दावतो तुला."

आणि या माणसाने, ज्याने फौजेत म्हणे कधी पलटणीचा ठावठिकाणा सांगितला नाही, नातीसमोर भाव खाण्यापायी चंची सोडली. आत सुपारी नव्हती. काळपट लाल, चामड्यासारख्या पट्ट्यांचे तुकडे होते, आणि त्यांच्यावर मिठाचं पांढरं फूल आलेलं होतं.

मला बघताक्षणी कळलं. गावच्या जत्रेत घरोघर बकरं पडतं आणि प्रत्येक घराचा वाटा दुसऱ्या घरी जातो. वाटा नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि देवाचं मटण टाकणं म्हणजे त्याहून वाईट. मग जे खाऊन संपत नाही, त्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि उन्हात दोरीवर वाळत घालायच्या. कुठे कुठे त्याला चान्या म्हणतात, आमच्या घरात नुसतं 'वाळलेलं'. मेंढरांमागे जाणाऱ्याच्या फडक्यात ते असायचंच. लहानपणी मीही खाल्लंय.

मुलगी खुशीत ओरडली, "पप्पा, सेम आहे! आणि हे तर ऑरगॅनिक!"

मी मात्र भडकलो. "आबा, मीठ बंद आहे ना तुमचं?"

"जेवणात बंद हाय. मी जेवताना खातो का? जेवण झाल्यावर खातो."

"हे असलं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"डॉक्टरनं. जेवणातलं म्हनला. आन् हे देवाचं हाय, त्याला कोन मीठ म्हनतंय?"

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. ते थकल्यासारखे म्हणाले, की खारवून वाळवलेलं मांस चंचीतलं असो नाहीतर पाकिटातलं, टिकतं ते मिठावरच. ते मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाय सुजवतं, दाब चढवतं. आणि रोज उठून खाल्लं तर आतड्यांनाही बरं नाही. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मुलीने आपलं पाकीट हळूच उशीखाली सारलं.

"कोण करून देतं तुम्हाला हे?" मी ओरडलो. आबांनी चंचीची दोरी आवळली. एवढ्या आरडाओरड्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेणार. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मेंढरं कोंडली का रं? वाघर लावली का?"

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. आमचं शेवटचं मेंढरू विकलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आई दाराला टेकून हळूहळू खाली बसली, आणि तिने मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारली.

मी घाबरलो. माझा सगळा आवाज कुठच्या कुठे गेला. दवाखान्यात नेईपर्यंत मी एवढंच घोकत होतो, की जीव धोक्यात होता तो आबांचा, हिचा कसा?

रक्त तपासून तिथले डॉक्टर बाहेर आले. "यांच्या अंगातलं मीठ फार खाली गेलंय. गोळीने ते आधीच लघवीवाटे जात होतं, त्यात हा उन्हाळा. जेवणात मीठ नसतं का?"

"घरात कुणाच्याच नसतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे, बायकोकडे, मुलीकडे आळीपाळीने बघितलं. आम्ही तिघेही ठणठणीत होतो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि मला त्याचंच जास्त लागलं. त्यांनी आईची गोळी बंद केली आणि सलाईन हळूहळू सोडायला सांगितलं.

ती भानावर यायला वेळ लागला. माणसं ओळखायला लागली, चहाला नावं ठेवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तिला खारट चालेल म्हणून सांगितलं. ते खोलीबाहेर पडले नाहीत तोच आबांनी चंची सोडली आणि एक बारीक तुकडा तिच्यापुढे धरला. "चघळ."

मी उठलो आणि परत बसलो. नियमाने बघितलं तर काही चुकत नव्हतं. तिचे दात गेलेले, त्यामुळे तिने तुकडा नुसता जिभेवर ठेवला. मग तिचं तोंड कसंनुसं झालं.

"आवं, लय खारट झालंय की. माझी मूठच चुकली."

मी विचारलं, "आई, हे तू करतेस?"

"मग कोन करनार? जत्रा झाली, तुमी साताऱ्याला परतला, की मी गावी मागं ऱ्हाते ती कशाला?" ती शांतपणे म्हणाली. "तंबाखूनं ह्यांचा भाऊ गेला. ह्यांना सोडा म्हनलं, तर तोंडाला कायतरी लागतंय म्हनले. म्हनून हे दिलं."

"मग डॉक्टर तुला बोलले, मी बोललो, तेव्हा सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू चंची काढून घेतली असतीस. आन् हे पुन्यांदा तंबाखूवर गेलं असतं." मग ती आबांकडे वळली. "मला दात न्हाईत, मी चाखनार कशी? तुमी तरी खारट हाय म्हनून सांगायचं न्हाई?"

आबा खाली बघत म्हणाले, "तू केलंवतंस. नावं काय ठेवायची?"

जन्मभर आमटीला नावं ठेवलेला माणूस हे बोलत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांच्यावर रागावता येईना, आणि याचाच मला राग आला. त्यांनी चंची गुंडाळली आणि आईच्या उशाशी ठेवली. आमच्या आठवणीत ती पहिल्यांदाच त्यांच्या कमरेपासून सुटली होती.

आता आमच्या घरात दोन पातेली चढतात. आईने पुष्कळ कुरकुर केली, पण आबांनीच ऑर्डर काढली. चंचीत बडीशेप असते, आणि तिची ते दिवसभर निंदा करतात. पायांची सूज ओसरलीय. जेवायला सगळे एकदम बसतो. पूर्वी ताट समोर आलं की आबा थेट भुरका मारायचे. आता हात आखडून थांबतात. आईने तिच्या ताटातला पहिला घास घेतला की विचारतात, "मीठ बराबर हाय का?" ती व्हय म्हणते, आणि मग ते आपली अळणी आमटी जवळ ओढतात.