वॉरंट निघालं की मामा पूर्णेला जायचा

वडील पूर्णेला रेल्वेत नोकरी करत. तिथं त्यांनी दुसरं घर मांडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई मला घेऊन देवगाव फाट्याजवळच्या माहेरी आली. मामानं पुढाकार घेऊन सेलूच्या कोर्टात माझ्या पोटगीचा दावा लावला. दर तारखेला तो आमच्यासोबत यायचा, वकिलाशी बोलायचा, मी दमले की मला खांद्यावर घ्यायचा.

निकाल आमच्या बाजूनं लागला, पण वडिलांनी तो जुमानला नाही. मग कोर्टानं वॉरंट काढलं. ते पूर्णेच्या पोलिसांकडे जायचं आणि शेरा घेऊन परत यायचं, 'इसम मिळून आला नाही.' रोज हजेरी लावणारा माणूस सापडत कसा नाही, हे आईला उमगेना.

"सरकारी काम हाय बाई, दम धर," मामा म्हणायचा.

चौथं वॉरंट निघालं तेव्हा आई कुणाला न सांगता मला घेऊन गाडीत बसली. पूर्णेला ठाण्यात जाऊन तिनं हवालदाराच्या हातापाया पडून त्याला सोबत घेतलं. वडिलांच्या क्वार्टरला कुलूप होतं. शेजारीण दारात आली.

"सकाळीच गेले की. सेलूकडचे मेव्हणे आल्ते. ते आले की हे चार दिवस गायब ऱ्हातेत."

हवालदारानं आईकडं पाहिलं आणि नजर वळवली. मला काहीच कळलं नाही. म्हणून परतताना रेल्वे स्टेशनात बाकावर बसलेला मामा दिसला, तेव्हा मी हरखून त्याच्याकडं पळाले. त्यानं मला जवळ घेतलं नाही. तो माझ्यावरून आईकडं बघत होता.

"दादा, तूच सांगायलास व्हय त्याला?" आई म्हणाली.

"माझ्या पोराला रेल्वेत चिकटवतो म्हणलेत ते," मामा खाली बघत म्हणाला. "त्यांना जेलात घालून तुला काय भेटणार हाय?"

आई त्याच्या घरी परत राहिली नाही. सेलूत खोली घेतली, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली. वकिलाकडं एकटी गेली. त्यानं नवा अर्ज केला आणि कोर्टानं थेट वडिलांच्या हापिसाला पगारातून कपातीचा हुकूम धाडला. साहेबाच्या टेबलावरून मात्र वडिलांना पळता आलं नाही. माझं शिक्षण त्यावरच झालं. मामाच्या मुलालाही नोकरी लागली.

वडिलांच्या वागण्याची मला सवय झाली होती. मामाचं मात्र मनातून जाईना. त्या खांद्यावर मी झोपले होते.

माझ्या लग्नात तो न बोलावता आला, नवा फेटा बांधून. अंतरपाट धरला तसा मामाच्या मानानं माझ्या पाठीशी उभा राहायला पुढं झाला. आईनं त्याला हातानं अडवलं.

"तिच्या मागं मी उभी ऱ्हाते," ती म्हणाली.

बायका कुजबुजल्या. भटजी थांबले. आई हलली नाही. शेवटी मामाच मागं सरला आणि मंगलाष्टकं सुरू झाली.