दारातली वेळ

माझी मावशी प्रसूतिगृहात मुख्य सिस्टर आहे. नाकावर माशी बसू देत नाही. दुसऱ्याची चूक तिला दोन खोल्यांपलीकडून दिसते आणि ती सांगितल्याशिवाय तिला घास गिळवत नाही.

त्यांच्याकडे सिझेरियन फारच व्हायला लागली, तेव्हा दर सोमवारी बैठक सुरू झाली. आठवड्यातल्या प्रत्येक सिझेरियनचा कागद मोठ्याने वाचायचा, ते टाळता आलं असतं का ते ठरवायचं आणि प्रत्येक डॉक्टरच्या हातात त्याचे आकडे द्यायचे. मावशी खूष झाली. तिचा सगळा संशय एका घाईघाईने चालणाऱ्या तरुण डॉक्टरवर होता. घरी ती त्याला 'इंजिन' म्हणायची.

तिसऱ्या सोमवारी नऊ कागदांवर एकच कारण निघालं: बारा तास झाले, प्रगती नाही. इंजिनाने शांतपणे विचारलं, "हे बारा तास मोजले कुठून?"

मोजले होते बाई दारातून आत आली तिथून. कळा धड सुरूही झालेल्या नसायच्या आणि घड्याळ मात्र धावत सुटलेलं. ती वेळ नऊही कागदांवर एकाच अक्षरात होती, मावशीच्या. सतरा वर्षांपूर्वी ही पद्धत तिनेच घातली होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती.

मावशी दोन दिवस घरात कुणावर ओरडली नाही. आम्ही घाबरलो. शेवटी म्हणाली, "दुसऱ्याचं कुसळ काढायला गेले गं, आणि स्वतःचं मुसळ घेऊन आले." मग तिला रडूच आलं. "किती जणी उगाच कापल्या गेल्या असतील?"

त्या आठवड्यापासून कागदावर दोन वेळा आल्या. एक दारातली. दुसरी कळांनी खरा जोर धरला ती, लाल शाईत.

दोन महिन्यांनी माझ्या बाळंतपणाची वेळ आली. हौसेने पहाटे साडेचारलाच जाऊन बसले. दुपारी साडेचारला माझा धीर संपला.

"मावशी, बारा तास झाले. कापा आता एकदाचं."

"तुझे साडेपाचच झालेत," ती म्हणाली. "लाल वेळ अकराची आहे. बाळाचे ठोके उत्तम, तू उत्तम. ओरड हवं तेवढं."

मी सासूबाईंसमोर ठेवणीतलं सगळं ओरडून घेतलं. इंजिन स्टूल ओढून बसलं होतं. "मला कुठली गाडी पकडायची नाही," म्हणालं. पावणेसहाला मुलगी झाली, कात्री-सुरीशिवाय.

माझा कागद बैठकीत वाचायचं काही कारण नव्हतं. तरीही मावशीने तो वाचला, दोन्ही वेळांसकट. मग साऱ्यांदेखत म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मला कुणी विचारतच नव्हतं."

आता घरी ती त्याला डॉक्टर म्हणते. इंजिन हे नाव घरभर सुसाट रांगणाऱ्या माझ्या मुलीला मिळालंय.