अकरा हजार व्होल्टच्या कपाटातला डोळा

सेलूला जिनिंगजवळ राहणाऱ्या कोणालाही विचारा. कापसाची धूळ घरात कोणी आणत नाही, ती आपली येऊन बसते. किस्स्यांचं तसंच. मी तर झटकत असतो. तरी ग्रामीण विद्युतीकरणाच्या त्या निवड समितीतून बाहेर पडलो, तेव्हा इतके चिकटले होते की बायको म्हणाली, "जेवताना तेच, झोपताना तेच! एकदा लिहून टाका अन् आम्हाला मोकळं करा."

तर लिहितो. चुकत असलो तर सांभाळून घ्या. मी चुकत असेन, असंच मला बहुतेक वेळा वाटतं.

*

समितीचं काम साधं होतं. वाड्यावस्त्यांना वीज न्यायची तर सबस्टेशनात स्विचगिअर लागतं. म्हणजे लोखंडी कपाटांची एक रांग. अकरा हजार व्होल्टची लाईन तिथून चालू-बंद होते, आणि बिघाड झाला की कपाटानं ती आपणहून तोडायची असते. ही कपाटं कोणती घ्यायची, ते आम्ही तिघांनी ठरवायचं. कार्यकारी अभियंता जोगदंड साहेब अध्यक्ष, हिशेबाच्या बाजूनं कुलकर्णी मॅडम, आणि तज्ज्ञ म्हणून मी, निवृत्त प्राध्यापक. माझी पीएच.डी. याच विषयातली आहे. त्यामुळे घरातला फ्यूज उडाला की मी वायरमनला फोन करतो.

पहिल्याच दिवशी जोगदंड साहेबांनी मला माझं काम समजावून सांगितलं.

"डॉक्टर, तुमी नुसतं बसा. तज्ज्ञ बसलेला असला की समिती लय भारदस्त दिसती!"

*

मग पुण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय, गुळगुळीत कॅटलॉग, मुखपृष्ठावर बर्फाच्या डोंगरापुढे उभं असलेलं पॅनल. मी भीत भीत विचारलं, "हे किती तापमानापर्यंत चालतं?"

"चाळीस अंश, सर."

जोगदंड साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मे महिना होता. बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं.

"मग उन्हाळ्यात याला रजा द्यायची का?"

"तसं नाही, सर. खोलीत एसी बसवा."

"एसीला करंट कुठून?"

"या पॅनलमधूनच मिळेल, सर!"

जोगदंड साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे पॅनल चालाया एसी पायजे, अन् एसी चालाया पॅनल! अहो, हे तर आमच्या हाफिसासारखंच हाय!"

*

एक पूर्ण दुपार आम्ही रंगावर घालवली. आतली ठिणगी विझवायला व्हॅक्यूम घ्यायचं की गॅस, हे चहा येईपर्यंत ठरलं होतं. रंगाला मात्र जेवणाची सुट्टी पुढे ढकलावी लागली.

भगवा म्हटलं तर एक पक्ष चिडेल. हिरवा म्हटलं तर दुसरा. निळ्याचं नाव निघताच जोगदंड साहेबांनी कानाला हात लावले. पिवळा राहिला होता, पण त्या रंगाचा मोर्चा नुकताच कचेरीवर येऊन गेला होता.

शेवटी कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, "करडा घ्या. त्याला कोणी वाली नाही."

एकमतानं मंजूर! आमच्या समितीचा एकमतानं झालेला हा एकमेव निर्णय. कपाटं कारखान्यातून करड्या रंगातच येतात, हे मी बोललो नाही. मला नुसतं बसायला सांगितलं होतं.

*

जागा बघायला झरीच्या पुढच्या एका गावी गेलो. तिथलं जुनं सबस्टेशन आणि तिथला जुना ऑपरेटर, किशनराव. उंच, बोलका, शेतकरी घरातला माणूस. चेहऱ्यात काहीतरी कमी वाटत होतं. जरा वेळानं लक्षात आलं, त्याला भुवयाच नव्हत्या.

"मागल्या साली कपाटात पाल शिरली, सर. म्या हँडल मारलं अन् आतून जाळच आला तोंडावर. पाल बी गेली, भुवया बी गेल्या."

जोगदंड साहेबांनी विचारलं, "पालीचा पंचनामा केला का?"

"राख व्हती साहेब, कशाचा करता?"

तेवढ्यात एक लाईन चालू करायची वेळ झाली. किशनरावनं खिशातून फोन काढून एक मिसकॉल दिला. मग कपाटाला पाठ करून, तोंड भिंतीकडे करून, एक हात मागे लांबवून हँडल मारलं. मारक्या बैलाला मागून शेपटीला धरावं, तसं. लाईन लागली. त्यानं पुन्हा एक मिसकॉल दिला.

"कोणाला?" मी विचारलं.

"मंडळीला. एक मारायच्या आधी, एक मारल्यावर. दुसरा न्हाई आला की ती घरून निघती."

परतताना जीपमध्ये जोगदंड साहेब घोरत होते. मी मात्र पूर्ण रस्ता जागा होतो.

*

किशनरावच्या त्या मंडळीनंच सबस्टेशनातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर तुळस लावली होती. खड्ड्याला ओल राहिली नाही तर अर्थिंग निकामी होतं. पाणी घालायला किशनराव विसरतो, तुळशीला घालायला ती विसरत नाही. इतकी सुटसुटीत देखभाल-पद्धत मी परदेशी जर्नलातही वाचली नाही.

पुढे वरून तपासणी पथक आलं. त्यांनी तुळस पाहिली, बूट काढले, हात जोडले, आणि "अर्थिंग उत्तम" असा शेरा मारून जेवायला गेले. मोजायचा मीटर गाडीतून उतरलाच नाही.

*

मग मी जन्मात पहिल्यांदा हट्ट केला. नव्या कपाटांत एक डोळा बसवता येतो. बोराएवढी काच. आत ठिणगीचा लोळ उठला की तिला तो लखलखाट दिसतो, आणि पापणी लवायच्या आत सगळी लाईन तुटते. बाहेरच्या माणसापर्यंत जाळ येत नाही. म्हटलं, प्रत्येक कपाटात डोळा पाहिजे.

"पाल एकदाच शिरली की हो!" जोगदंड साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "किशनरावच्या भुवया अजून उगवल्या नाहीत."

"तुमी काय भुवयांसाठी स्विचगिअर निवडायलाव?"

"हो."

मागे 'पण' न लावता मी म्हटलेला हा पहिला 'हो'. बायकोचा अजून विश्वास नाही.

डोळा मंजूर झाला, मात्र अर्धा. मी म्हणत होतो, लखलखाट दिसला की करंटही खरोखर वाढला का, हे यंत्रानं बघावं आणि मगच लाईन तोडावी. कुलकर्णी मॅडमनी ते खोडलं. "डोळ्याला दिसलं ना? मग पुन्हा शहानिशा कशाला? एका कामाला दोन माणसं आम्ही हाफिसातसुद्धा देत नाही!"

कपाटं बसली आणि माझी झोप उडाली. आपल्याकडची धूळ, कोळ्याची जाळी, उन्हाळा... वेळ आली तर त्या काचेला काही दिसेल का? ते कळायचा एकच रस्ता होता, आणि तो किशनरावच्या तोंडावरून जात होता.

*

उद्घाटनाला पुढारी आले. मांडव, कूलर, माईक. बटण दाबलं, टाळ्या पडल्या. किशनरावच्या गावात आणि पुढच्या वस्तीवर वीज पोहोचली. मग गुरुजी म्हणाले, पॅनलची पूजा राहिली.

आमच्याकडे कपाटाची पूजा आतून होते. चालू कपाटाला कुलूप असतं, दार उघडतच नाही. पण गुरुजी अडून बसले. "देवाचं दार लावून पूजा करता होय?" तेव्हा शेवटचं रिकामं कपाट उघडून दिलं. ते आणखी एका वस्तीसाठी राखून ठेवलेलं, त्यात वीज नव्हती. डोळा मात्र होता, सगळ्या रांगेशी जोडलेला.

कुंकू लागलं, नारळ फुटला. पुढारी उघड्या कपाटापुढे उभे राहिले. पाथरीहून आलेल्या फोटोग्राफरनं भलामोठा फ्लॅश रोखला.

लख्ख! आणि आत 'धाड्'!

दिवे गेले, कूलर थांबले, बाहेर माईक मुका झाला. किशनरावनं मिसकॉल दिला, भिंतीकडे तोंड केलं, हात मागे लांबवून स्विच फिरवला. वीज आली. दुसरा मिसकॉल गेला.

"साहेब, डोळे मिटले तुमचे. आणखी एक!" फोटोग्राफर म्हणाला.

लख्ख! धाड्!

"नजर लागली," कोणीतरी पुटपुटलं. गुरुजींनी लिंबू मागवलं. जोगदंड साहेब माझ्या कानाशी येऊन दात खात म्हणाले, "डॉक्टर, तुमचा डोळा!"

मी किशनरावला कसंबसं सांगितलं, "किशनराव, बिघाड काही नाही. त्या काचेला फ्लॅश दिसतोय. जाळ उठला समजून ती लाईन तोडतेय."

"म्हंजी, जाळ उठला तरी अशीच तोडंल?"

"अशीच."

त्यानं उघड्या कपाटात वाकून ती बोराएवढी काच पाहिली. त्याचे मिसकॉल ठरल्याप्रमाणे झाले, लाईन लागली. मग तो फोटोग्राफरकडे वळला. "भाऊ, साहेबांचा अजून एक घ्या की! चांगला जवळून!"

लख्ख! धाड्!

पुढारी चिडून बाहेर पडले. त्यांच्यामागे जोगदंड साहेब, त्यांच्यामागे लिंबू. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. किशनराव पॅनलपाशी गेला. फोन खिशातच राहिला, मिसकॉल दिलाच नाही. तो कपाटासमोर सरळ तोंड करून उभा राहिला आणि त्यानं स्विच फिरवला.

पंखा फिरायला लागला, गावातही दिवे आले असणार, आणि त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यानं उचलला तसा पलीकडून बाईमाणसाचा धापा टाकणारा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"काई न्हाई गं," किशनराव म्हणाला, "फोटो काढायलेत."