थोटं जनावर

"हात येवढंच असत्यात त्येचं, शेठ. म्या कापलं न्हाईत."

परांचीवर बसलेला पोपट खाली बघत म्हणाला. खाली नवनाथशेठ मोबाइल धरून उभा. वरवंडच्या हायवेवर त्याचं हॉटेल. पोरासोरांच्या गाड्या थांबाव्यात म्हणून दारात सिमेंटचा डायनासोर करायला त्यानं पोपटला सांगितलेलं. मोबाइलात दुसऱ्या कुठल्या हॉटेलापुढच्या पुतळ्याचा फोटो होता. त्याला हे लांब हात, वर नखं, आणि पोरं हाताला लोंबकळून फोटो काढत होती. पोपटच्या जनावराला मात्र खांद्याखाली वांग्याएवढे दोन कोंब.

"मामा, थोट्यानं थोटंच केलं म्हणतंय गिऱ्हाईक," नवनाथ म्हणाला.

पोपटला हे नवं नव्हतं. वस्तीवस्तीतल्या बुद्धमूर्ती त्याच्या हातच्या, बागायतदारांच्या बंगल्यांवरचे सिमेंटचे बैलही त्याचेच. मग महिन्याच्या ठरलेल्या पगाराच्या नादानं तो शिक्रापूरकडं कंपनीत गेला, आणि पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. कंपनीनं गेट दाखवलं, गावानं 'थोटा' नाव ठेवलं. लेक गौतमी पुण्यात भूशास्त्र शिकत होती, तिचं कॉलेज तिथंच सुटलं. आता ती त्याच शिक्रापुरात खोली करून राहते, कुणाच्या तरी कारखान्यात खोकी भरते.

हे काम मिळालं तेव्हा रविवारी घरी आलेल्या गौतमीला त्यानं विचारलं, असतं कसलं गं हे जनावर? तिनं चुलीतला कोळसा घेऊन फरशीवरच काढून दाखवलं. म्हणाली, एके काळी आपली भुई, मादागास्कर, आफ्रिका, पार तिकडची दक्षिण अमेरिका, सगळं एकाला एक लागून होतं. मग फुटलं, आणि आपला तुकडा एकटाच समुद्रातनं सरकत वर आला. नर्मदेकडं त्या जनावराची हाडं घावली. त्याच्या कुळीतली तिकडं मादागास्करात आणि अमेरिकेतही घावली, ती सगळी आखूड हाताची. आपल्या दौंडाकडं काही घावायचं नाही, वर लाव्ह्याचा काळा दगड बसलाय.

"म्हंजी भावकीच की," पोपट म्हणाला. "वाटण्या झाल्या, बांध पडलं, पर नाकडोळं कुठं जात्यात?"

गौतमी हसली. लई दिवसांनी हसली. मग फरशी पुसता पुसता म्हणाली, "तेवढं आपल्या भुईचं करा, आप्पा. माझं शिकल्यालं कुठंतरी उभं राहू द्या."

येत्या रविवारी ती बघायला येणार होती.

पोपटनं ही सगळी भावकी नवनाथला सांगितली. नवनाथ काही वाईट माणूस नव्हे. चहा मागवून त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, कप खाली ठेवला.

"मामा, ती भावकी ऱ्हायली मादागास्करात. माझं गिऱ्हाईक हडपसरचं. त्येला लोंबकळायला हात पायजे. तुमाला जमत नसंल तर दुसरा गवंडी बघतो."

तो गल्ल्यावर गेला. जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून पोपटनं लेकीला फोन लावला. मागं मशिनींचा आवाज चाललेला. कसं सांगावं ते त्याला कळेना, म्हणून सरळच सांगितलं. त्याच आवाजातनं तिचं उत्तर आलं.

"करा लांब. आन् रविवारी म्या येत न्हाई. ओव्हरटाइम हाय."

पोपटनं फोन खिशात टाकला. छिन्नी घेऊन त्यानं कोंबांचं प्लास्टर झडवलं, आतली जाळी उघडी केली. नवी सळई अंगठ्याखाली दाबून धरली, डाव्या हातानं तार पिळली.

"शेठ," त्यानं वरनंच हाक मारली, "नखं किती काढू?"

"तीन काढा."

पोपट खाली उतरला आणि माल कालवायला लागला.