हरणीच्या पोटातलं पायताण

"डाक्टर, माझं कुत्रं काय रांगतं बाळ हाय व्हय, खेळणं द्यायला?"

गडहिंग्लजकडचे शेतकरी बाळगोंडा अण्णा टेबलापलीकडून गरजले. टेबलावर त्यांची कुत्री हरणी आडवी पडलेली. पाणी प्यायली की उलटी, शी बंद. मी एवढंच विचारलं होतं, की ही दिवसभर चावते काय, खेळायला काय दिलंय?

कोल्हापुरातल्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी नवीन होतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही काही मित्र बाजारात पत्रकं वाटायचो. 'मोठ्या कुत्र्यालाही खेळ लागतो!' लोक त्यात शेंगदाणे बांधून न्यायचे. नेऊ देत. आम्ही पुन्हा छापायचो.

हरणी पश्मी जातीची. म्हणजे आपल्या कारवानी शिकारी कुत्र्यातलीच, पण कानांना आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस. ही जात आता शोधून सापडत नाही. अल्सेशियनसाठी मुंबईला माणूस धाडणाऱ्या आपल्या बागायतदारांना दारातलं हे जनावर दिसत नाही. शिकारीला बंदी आली, योग्यच झालं. पण सशामागं रान तुडवणारी कुत्री साखळीला बांधायची आणि वर सांगायचं, खानदानी आहे, खेळत नाही! ही कैद झाली. दुसरं काय?

"वंगाळ कायबी खात न्हाय ती," अण्णा म्हणाले. "मी गावाला निघालो की माझं जुनं पायताण तिच्या म्होरं ठेवतो. आमच्यात तशी चालच हाय. धन्याचा वास आला की कुत्रं गप पडून ऱ्हातं."

"आत्ता कुठे गेला होता?"

"हिच्यासाठी नर बघाया. पश्मीच पायजे की. पार कर्नाटकात हिंडून आलो."

"आणि ते पायताण कुठाय?"

अण्णा हळूच म्हणाले, "हाय. टाच तेवढी दिसली न्हाय. टायर ठोकून घेतलंतं टाचंला."

या जातीचं पोट पाठीला टेकलेलं असतं. बोटांना आतलं सगळं लागतं. मधोमध काहीतरी कडक, चपटं लागलं. दाबताच हरणी कण्हली. आतडं अडलं होतं. पोट उघडल्याशिवाय ती जगणार नव्हती.

मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे धावलो.

"अहो पत्रकवाले," साहेब म्हणाले, "बाहेर म्हशी रांगेत उभ्या आहेत. कुत्र्याची पोटं फाडायला ठेवलंय का तुम्हाला?"

"साहेब, मरेल ती."

"मग उरका लवकर. वजन बघा आणि भूल द्या."

"वजनावर नाही देता येणार."

साहेबांनी चष्मा काढला. मी घाईघाईने सांगितलं. भुलीचं हे इंजेक्शन शिरेतून मेंदूत जातं, मग अंगातल्या चरबीत मुरतं, म्हणून जनावर लवकर जागं होतं. या कुत्र्यांच्या अंगावर चरबीच नसते. औषध रक्तातच फिरत राहतं. नेहमीचा डोस दिला तर ती झोपेल, पण उठेलच असं नाही.

"आणि कमी दिला आणि ती मध्येच उठली तर?"

"थोडी भूल देतो, पोटाची जागा बधिर करतो. अण्णा डोकं धरतील."

"जबाबदारी तुमची," साहेब म्हणाले. जबाबदारी वाटण्यात आमचं खातं फार उदार.

अण्णांनी हरणीचं डोकं छातीशी धरलं. चिरताना तिचे पाय एकदा ताणले गेले आणि माझा हात थांबला. पुन्हा ताणले नाहीत. आतड्यातून टायरचा तुकडा निघाला. त्यात एक वाकडा खिळा. अण्णांनी बघितलं आणि मान फिरवली.

टाके घातले. आता तिने उठायला हवं होतं. ती उठेना.

सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून तिच्या अंगाशी लावलं, वर पोती पांघरली. म्हशी तपासायच्या, परत यायचं, श्वास बघायचा. श्वास होता, पण तोळामासा. हिरड्या पांढुरक्या. मी इतका कमी डोस देऊनही तो जास्त झाला होता का? दुपार कलली.

"डाक्टर, मेली तर मेली म्हनून सांगा," अण्णा म्हणाले. "फसवू नगा."

"अजून आहे."

त्यांनी पायातलं पायताण काढलं आणि तिच्या नाकाशी नेलं.

"अण्णा! ते आधी बाजूला करा!" मी खेकसलो. ज्या वस्तूने तिला इथवर आणलं तीच पुन्हा तोंडाशी!

पण नाक हललं. मग एका कानाचे रेशमी केस हलले. मग तिने डोळा किलकिला केला. अण्णांनी पायताण लगेच पाठीमागं लपवलं.

हरणी घरी निघाली तेव्हा मी पत्रकातलेच नियम बजावले. मोठ्या कुत्र्याचं खेळणं घशात मावता कामा नये, त्याचा तुकडा पडता कामा नये, खिळा-तार तर नकोच. बैलाच्या जाड कासऱ्याला मुठीएवढ्या गाठी मारून द्या, आणि पीळ सुटायला लागला की फेकून द्या. रोज मोकळी पळवा, ते वेगळंच.

पुढे अण्णा टाक्यांची जागा दाखवायला आले ते हसतच.

"तुमचा कासरा हुंगलाबी न्हाय तिनं."

"मग?"

"मग मीच गळ्यात घालून रानात हिंडलो. घाम लागंस्तवर. भाऊबंद म्हनले, अण्णा, कुनी बांधला रं तुला बैलावानी?"

"आणि आता?"

"आता तोंडातनं सोडंना. आनि डाक्टर, नर गावलाय. पर त्याचा मालक म्हनतोय, आमच्यात बी पायताणच ठेवत्यात. त्यो तुमचा कागूद द्या की चार."

मी गठ्ठाच दिला. पुढच्या छपाईत नियमांखाली एक ओळ वाढवली: 'खेळणं आधी मालकाने वापरावं.' साहेबांनी ती बाजारात वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पत्रकात शेंगदाणे बांधून घेतले.