मोजके धागे

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या बाई कायम रागात असतात. रबर कशाने तुटतं, यावर त्या संशोधन करतात. बोलताना मनगटातला रबरबँड ताणत राहतात. "हे आतून जाळं आहे हो! आम्ही कॉम्प्युटरवर त्याच्या गाठी आणि धागे मांडतो. बराचसा ताण मोजक्याच धाग्यांवरून जातो. ते तुटले की संपलं, वरून कितीही धड दिसू दे."

मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांना गॅसच्या जुन्या नळ्या बदलायला सांगितल्या. चेअरमन म्हणाले, "मॅडम, रबर ताणा, मीटिंग नको." सगळे हसले. इतका वेळ त्यांच्या बोलण्यावर मान डोलावणारा मी, सोसायटीचा सेक्रेटरी, मीही हसलो.

परवा त्या मेंटेनन्सची पावती न्यायला आल्या आणि थेट आईच्या स्वयंपाकघरात शिरल्या. गॅस बंद करून त्यांनी आमची धड दिसणारी नळी वाकवली, भेगा दाखवल्या आणि कात्रीने नळीचे दोन तुकडे केले.

"हा काय आगाऊपणा?" मी ओरडलो.

"चेअरमनना कळत नाही, त्यांच्यावर मी चिडत नाही. तुम्हाला पटलं होतं."

संध्याकाळी मी नवी नळी बसवली. बाकीच्या घरांसाठी नोटीस लावायची तर चेअरमनशी भांडावं लागेल, म्हणून ती अजून लावलेली नाही.

त्या बाईंचा मला फार राग येतो.