एक लाइन आधी

काकू घरीच शिवणकाम करायच्या. काका छापखान्यातून निवृत्त झालेले. फुफ्फुसं साथ देईनात म्हणून आता दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेले. मशीन विजेवर चालायचं, त्यामुळे काकूंचे हात शिवणावर असले तरी कान कायम पलीकडच्या खोलीतल्या घरघरीवर.

दाराशेजारच्या लाकडी फळीवर चिनी मातीचे जुने फ्यूज होते. ते वरचेवर उडायचे. उडाले की काकांचा जीव कासावीस आणि काकूंचे हातपाय गार. शेवटी एकदा काकूंनीच स्टुलावर चढून फ्यूजमध्ये चांगली जाड तार गुंडाळली. मग फ्यूज उडायचं नावच घेईना. पण एका दुपारी फळीतून जळका वास आला.

वायरमनने फ्यूज उपसला. "ही तार कोणी घातली?"

"मी. मशीन बंद पडू नये म्हणून."

"अहो, फ्यूज उडत होता म्हणून घर शाबूत होतं! आतल्या वायरी करपल्यात. सगळं काढून नवी पेटी बसवावी लागेल."

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आपणच यांच्या उशाशी विस्तव ठेवला होता.

आतून काका धापा टाकत म्हणाले, "तिला... बोलू नका. ती तार घातल्यापासून मलाही... झोप लागत होती."

लगेच काकांना ऑक्सिजनचा भाड्याचा सिलिंडर लावला आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. फळी निघाली, पेटी बसली. पण भिंतीतला पाइप बुजलेला, नवी वायर पुढे सरकेना. इकडे सिलिंडरचा काटा खाली येत होता. काकू या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझारा घालत होत्या.

"काट्याकडे बघत बसू नकोस," काका म्हणाले. "बघून तो... वर चढत नाही."

काकूंनी दुकानदाराला फोन केला. दुसरा सिलिंडर संध्याकाळशिवाय मिळणार नव्हता. फोन ठेवून त्या तडक वायरमनपाशी गेल्या.

"आधी मशीनची एक लाइन चालू कर. बाकी घर राहू दे अंधारात."

"वायर भिंतीवरून न्यावी लागेल, काकू. वाईट दिसेल."

"दिसू दे! मला काय भिंतीचं लग्न जमवायचंय?"

तो हसला आणि कामाला लागला. वायर झाकायची पट्टी काकूंनी स्वतः धरली. दाराच्या चौकटीवरून वायर काकांच्या खोलीत पोचली. पेटीतलं बटण वर गेलं. मशीन एकदा किंचाळलं, अडखळलं, आणि घरघरायला लागलं. काकू होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. रडू येतंय की हसू, त्यांनाच कळेना.

उरलेल्या लाइनी अंधार पडेपर्यंत लागल्या. धोका टळला, धास्ती मात्र टळली नाही. अजूनही येताजाता काकू नव्या पेटीला हात लावून बघतात.

काका विचारतात, "ताप आहे का गं तिला?"